आजीचा दाखला अर्धाच दिला जातो

‘आमच्या आजीनं कुठं सनस्क्रीन लावलं होतं?’ उन्हानं कातडी अकाली म्हातारी होते असं कुणी म्हटलं, की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ हशा येतो आणि विषय तिथंच मिटतो. प्रश्नामागचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो तीन मुद्द्यांवर उभा आहे. एक, आपली कातडी सावळी-गव्हाळ, तिला उन्हाची सवय आहे. जपायचं ते गोऱ्यांनी. दोन, ऊन अडवलं तर ‘ड’ जीवनसत्त्व कुठून मिळणार? तीन, हा सगळा कंपन्यांचा धंदा; काल गोरं करणारी क्रीमं विकली, आज तीच मंडळी उन्हाची भीती विकतायत.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, पहिल्यात अर्धं आहे, दुसऱ्यात त्याहून कमी. पण तिन्ही मिळून निष्कर्ष काढला जातो तो असा, की ऊन खुशाल अंगावर घ्यावं, आपल्याला काही होत नाही. हा निष्कर्ष नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता. तो महागात पडतो. ज्या बाजाराविरुद्ध ही मंडळी दंड थोपटतात, त्याच बाजाराच्या दारात तो गिऱ्हाइकं नेऊन सोडतो.

आजीपासूनच सुरुवात करू. जन्मभर शेतात राबलेल्या सत्तरीच्या कुठल्याही बाईचा हात नीट बघावा. मनगटापासून कोपरापर्यंत बाहेरच्या बाजूची कातडी जाड, खरखरीत, रापलेली असते. तिच्यावर तपकिरी डाग असतात, मधूनमधून तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके असतात. चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश जागेवर जाते. आता त्याच हाताचा चोळीच्या बाहीखालचा, काखेकडचा दंड बघावा. तिथली कातडी वयामुळे पातळ आणि सैल झालेली असेल, पण ती मऊ असते, एकरंगी असते, तिच्यावर डाग नसतो. हात एकच. वय, खाणंपिणं, घराण्याचा वारसा, सगळं एकच. फरक आहे तो मुख्यतः उन्हाचा. म्हणजे आजी साक्षीला येते ती उलट बाजूनं.

वैद्यकातली यावरची सर्वांत बोलकी नोंद २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. ६९ वर्षांचा एक अमेरिकन माणूस. २८ वर्षं त्यानं मालवाहू ट्रक चालवला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतलं ऊन वर्षानुवर्षं त्याच्या डाव्या गालावर पडत राहिलं. छायाचित्रात उजवा गाल त्याच्या वयाला शोभेलसा आहे. डाव्यावर मात्र खोल घड्या, लोंबती जाड कातडी. एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूंत दोन दशकांचं अंतर वाटावं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. लांब पल्ल्याच्या गाड्या हाकणाऱ्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरचे दोन्ही हात एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

त्या ट्रकवाल्याचा चेहरा भाजून निघाला नव्हता, हे इथं महत्त्वाचं. उन्हातले अतिनील किरण दोन जातींचे. यूव्हीबी वरच्या थरात थांबतो. कातडी लाल करतो, भाजतो, सोलवटतो. यूव्हीए खाली उतरतो, त्वचेच्या आतल्या जाड थरापर्यंत. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळपास सगळा अडवते, यूव्हीए बराचसा आत सोडते. तो जाणवत नाही, चटका देत नाही, म्हणून त्याची नोंद कुणी घेत नाही. कातडीचा ताणून धरणारा सांगाडा कोलॅजेन नावाच्या तंतूंचा असतो. अतिनील किरण पडले की कातडीतल्या पेशी हे तंतू तोडणारी विकरं सोडू लागतात. मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर, जॉन वूरहीस आणि सहकाऱ्यांनी १९९६ आणि १९९७ साली दाखवून दिलं, की कातडी लाल व्हायलाही जेवढं ऊन पुरत नाही, तेवढ्यानंसुद्धा ही विकरं वाढतात. नंतर डागडुजी होते, पण ती पुरी होत नाही. नवारीच्या खाटेचा एकेक पट्टा रोज थोडा सैल होत जावा आणि एक दिवस मधोमध झोळ दिसावा, तसं हे चालतं. झोळ पन्नाशीत दिसतो. सैल पडायला सुरुवात शाळेच्या मैदानावर झालेली असते.

‘पण हे गोऱ्यांचं,’ असं उत्तर येईल. तेव्हा पहिला मुद्दा घेऊ. मेलॅनिन हे खरंच संरक्षण आहे. १९७९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कातडीच्या वरच्या थरातून किती किरण पार होतात ते मोजलं गेलं. गोऱ्यांच्या कातडीतून यूव्हीएपैकी सुमारे ५५ टक्के आत जात होता, कृष्णवर्णीयांच्या कातडीतून सुमारे १८ टक्के. फरक मोठा आहे. त्वचेचे कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या मानानं फार कमी आहेत, तेही यामुळेच. कर्करोगाची जशीच्या तशी आयात केलेली भीती जे दाखवतात, त्यांना हसणं रास्तच आहे. पण १८ टक्के म्हणजे शून्य नव्हे. आपण बहुतेक मराठी माणसं त्या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी बसतो.

शिवाय सावळी कातडी म्हातारी होण्याची रीतच वेगळी. गोऱ्या कातडीवर आधी बारीक सुरकुत्या येतात. आपल्याकडे आधी रंग बिघडतो. गालांच्या उंचवट्यावर आणि कपाळावर वांग येतात, मान काळवंडते, कानशिलांवर काळसर चट्टे उमटतात. सुरकुत्या दहा-पंधरा वर्षं मागाहून येतात. आपण आरशात सुरकुती शोधतो, ती दिसत नाही, म्हणून ऊन बाधलं नाही असं समजतो. आणि वांगांना ‘पोट साफ नाही’, ‘रक्त खराब झालं’, ‘लिव्हरचं काहीतरी’ अशी कारणं चिकटवतो. वांगांमागे हार्मोन्स असतात, गरोदरपण असतं, आईकडून आलेला वारसा असतो, हे खरं. पण त्या सगळ्याला खतपाणी घालतं ते ऊन. सावळ्या कातडीत तर डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग गडद करतो. गोऱ्या कातडीवर तोच प्रयोग केला तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे ज्या मेलॅनिनच्या जिवावर आपण निर्धास्त असतो, तेच उन्हानं डिवचलं की डाग होऊन बसतं.

आणि आपलं ऊन काही साधं नाही. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस येतो, मुलं गच्चीवर बाटल्या उभ्या करून सावली नाहीशी होताना बघतात. सूर्य बरोबर डोक्यावर असतो याचा तो पुरावा, आणि असा दिवस वर्षातून दोनदा येतो. उन्हाची धार ओळखायची एक सोपी खूण आहे: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन जपण्याजोगं. आता हिशेब करा. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, २२ डिसेंबरला, पुण्यात ऐन दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. साडेपाच फुटी माणसाची सावली तेव्हाही पाच फुटांहून किंचित कमीच भरते. हवेत गारवा आहे म्हणून ऊन सौम्य, हा आपला समज. गारवा हवेत असतो; अतिनील किरणांचं तापमानाशी काही देणंघेणं नाही.

आता ‘ड’ जीवनसत्त्व. भारतात त्याची कमतरता सर्रास आहे, हे बरोबर. पण त्याचा दोष सनस्क्रीनवर ढकलणाऱ्यांनी एक साधी गोष्ट विचारात घ्यावी. ज्या देशात लाखो घरांत सनस्क्रीनची ट्यूब कधी उघडलेलीच नाही, त्या देशात ही कमतरता आली कुठून? ती आली बंद घरं, बंद ऑफिसं, अंगभर कपडे, सावळी कातडी आणि आहार यांतून. ऑस्ट्रेलियात शंभरावर माणसांना उन्हाळाभर दोन गटांत विभागून बघितलं. एकाला खरं सनस्क्रीन, दुसऱ्याला नुसतं क्रीम. दोन्ही गटांत ‘ड’ जीवनसत्त्व सारखंच वाढलं. १९९५ साली ते प्रसिद्धही झालं.

खरी गंमत पुढेच आहे. ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या, ड जीवनसत्त्व मिळतं,’ हा सल्ला घराघरांत दिला जातो. ते जीवनसत्त्व बनवतो यूव्हीबी, आणि सूर्य खाली असताना यूव्हीबी जमिनीपर्यंत फारसा पोचतच नाही. तिरुपतीला याची मोजणी झाली तेव्हा सकाळी ११ ते दुपारी २ याच वेळात ते चांगलं तयार होतं असं दिसलं. तेव्हा ‘ड’साठी ऊन घ्यायचंच असेल, तर चेहरा झाकून हातपाय थोडा वेळ दुपारच्या उन्हात ठेवावेत. रक्ततपासणीत कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. ती स्वस्त आहे. गालांनी सोसलेली पंचवीस वर्षांची उन्हं हा काही ‘ड’ मिळवायचा एकमेव मार्ग नव्हे.

उरला बाजार. इथं विरोधकांचं म्हणणं मला बहुतांशी मान्य आहे. १९७५ सालापासून या देशात ‘फेअर अँड लव्हली’ विकली गेली आणि २०२० साली तिच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. सावळ्या मुलीला लग्नाच्या बाजारात कमी लेखायचं आणि मग तिलाच ट्यूब विकायची, हा धंदा नीचपणाचाच. सनस्क्रीनच्या जाहिरातीही बऱ्याचदा तीच भाषा बोलतात: ‘टॅन घालवा, उजळा.’ सनस्क्रीनचं खरं काम जन्माचा रंग बदलणं हे नाहीच. चेहऱ्याचा रंग जागोजागी बिघडू नये आणि आतला सांगाडा ढासळू नये, एवढंच ते आहे. तेव्हा जाहिरातीवर चिडावं, जरूर चिडावं. पण चिडून ऊनच निर्दोष ठरवलं तर पुढे काय होतं, तेही बघावं.

होतं असं. कुणीतरी हसून सांगितलं म्हणून बाई तिशीपर्यंत चेहरा उघडाच ठेवते. पस्तिशीत वांग येतात. मग पहिल्यांदा येतो घरगुती उपाय: लिंबू. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना यूव्हीए पडला तर कातडी भाजते आणि मागे महिनोन्‌महिने काळा डाग राहतो. डाग घालवायला लावलेलं लिंबू दुसरा डाग देऊन जातं. मग शेजारीण किंवा पार्लरवाली एका ट्यूबचं नाव सांगते. मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळते. दोन आठवड्यांत चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो, चारचौघी विचारतात ‘काय लावतेस?’ आणि त्या ट्यूबचं नाव आणखी चार घरांत जातं.

त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टिरॉइड असतं: बेटामेथासोन, मोमेटासोन, कधी क्लोबेटासोलसारखं जहाल. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, केसही वाढतात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून बाई ती पुन्हा सुरू करते. आणि ही पातळ झालेली कातडी ऊन मुळीच सोसत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी स्टिरॉइडची क्रीमं वापरत होते. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर त्या मनाईची धार किती, हे कुणीही संध्याकाळी मेडिकलमध्ये पाच मिनिटं उभं राहून ठरवावं. सनस्क्रीनची टिंगल करून बाजाराला धडा शिकवला असं ज्यांना वाटतं, त्यांनी या साखळीतली पहिली कडी घडवलेली असते.

मग करायचं काय? पहिला उपाय कापडाचा, आणि तो आपल्याकडे जुनाच आहे. ऊसतोडीला, कापूस वेचायला जाणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळते. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधतात. त्यांची किती थट्टा झाली! दोघींनाही कळतं ते थट्टा करणाऱ्यांना कळत नाही. आजीचा दाखला द्यायचाच तर पुरा द्यावा: भर दुपारी ती विनाकारण बाहेर पडत नव्हती आणि पडली तर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला असे. कापड घट्ट विणीचं हवं. विरळ मलमलीतून बरंच ऊन आत जातं, ती दुहेरी घ्यावी. रुंद काठाची टोपी आणि छत्री पुरुषांनीही वापरायला हरकत नाही.

दुसरा उपाय सनस्क्रीन. झाकता येत नाही त्या भागाला. एसपीएफ ३० यूव्हीबीपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणून शंभरच्या आकड्यामागे पैसे घालवू नयेत. यूव्हीएसाठी डबीवर ‘पीए’पुढे अधिकची चिन्हं किती ते बघावं. हे आकडे प्रयोगशाळेत जाड थर लावून काढलेले असतात. आपण लावतो त्याच्या पाव-निम्मं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीएवढं क्रीम चेहरा आणि मानेला लागतं, आणि बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा. वांग असतील तर लोहाची संयुगं घातलेलं, रंगीत सनस्क्रीन घ्यावं. दिसणारा उजेड तेच अडवतं.

‘याचा उपयोग होतो हे कशावरून?’ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नांबूर गावावरून. तिथं पंचावन्नच्या आतल्या ९०३ माणसांच्या हातांच्या पाठीचे ठसे सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी घेऊन ताडून पाहिले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात कातडीचं वार्धक्य मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी निघालं. रोज लावणाऱ्यांच्या कातडीच्या वार्धक्यात त्या काळात मोजण्याजोगी वाढ आढळलीच नाही. त्याच प्रयोगात काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांचा एकंदरीत काही परिणाम दिसला नाही. ती माणसं गोरी होती, तेव्हा तो २४चा आकडा मी सावळ्या कातडीला जसाच्या तसा लावणार नाही. पण कोलॅजेन त्यांचं आणि आपलं वेगळं नसतं. ‘रसायनं रक्तात जातात’ हा आक्षेपही खरा आहे: अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ आणि २०२० साली तसं मोजलं. त्यातून अपाय सिद्ध झाला नाही, आणि वापर थांबवा असंही त्या प्रशासनानं सांगितलं नाही. ज्यांना तरीही धास्ती वाटते त्यांच्यासाठी झिंक ऑक्साइड आहेच.

झालेलं नुकसान थोडंफार भरून काढणारं, सर्वांत जास्त तपासलं गेलेलं औषध ट्रेटिनॉइन. अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. मिशिगनमध्ये १९८८ साली ३० माणसांवर १६ आठवडे ते तपासलं गेलं आणि बारीक सुरकुत्या कमी झाल्या. डाग फिके करायलाही त्याची मदत होते. ते पुढे आणणाऱ्या अल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, हा या इतिहासातला काळा भाग आहे आणि तो झाकू नये. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं मिश्रणही १९७५ साली त्यांनीच सांगितलेलं. डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे आठवडे वापरायचं ते औषध आपल्याकडे गोरेपणाची ट्यूब होऊन बसलं. नुसतं ट्रेटिनॉइनसुद्धा डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यावं: रात्री, मटाराच्या दाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड, कमी तीव्रतेचं. सावळी कातडी चिडली तर ती डाग ठेवते, म्हणून घाई नको. गरोदरपणात मुळीच नको. फरक दिसायला महिने लागतात. अझेलाइक ॲसिड सौम्य आहे आणि वांगांवर चालतं. पील आणि लेझर यांचा नंबर शेवटचा. लेझरच्या उष्णतेनं सावळ्या चेहऱ्यावर नवे डाग उठू शकतात, तेव्हा आपल्या कातडीची सवय असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं, पार्लरमध्ये नव्हे. आणि यांतलं काहीही करून ऊन तसंच घेत राहिलं तर पैसे वाया.

राहिला परवडण्याचा प्रश्न. रोजंदारीवरच्या बाईनं दर महिन्याला ट्यूब घ्यावी असं सांगणं क्रूरपणा होईल. तिला ट्यूबपेक्षा सावली हवी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं कामाच्या जागी मुलांसाठी आणि विश्रांतीसाठी सावली द्यायला लावली. तसा आग्रह रस्त्यावरच्या खडी फोडणाऱ्यासाठी, चौकातल्या वाहतूक पोलिसासाठी, फळविक्या बाईसाठी आणि भर बाराच्या उन्हात परेड करणाऱ्या शाळकरी पोरांसाठी कुणी धरत नाही. बाजाराशी भांडायचं आहे ना? मग चिठ्ठीशिवाय ट्यूब देणाऱ्या मेडिकलवाल्याशी भांडा, ‘उजळा’ म्हणणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करा, शाळेचं मैदान बारा ते तीन बंद ठेवायला मुख्याध्यापकांना भाग पाडा. स्कार्फ बांधलेल्या मुलीला हसण्यात ना धाडस आहे, ना शास्त्र.